मिशन दौऱ्याचा चौथा दिवस: पहिल्या मतांवर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, आठ जणांचा गट दोन आठवड्यांच्या सेवेसाठी परदेशात गेला आहे. आज चौथा दिवस. पहिले दोन दिवस सगळे भारावलेले होते, आता चिडचिड सुरू झाली आहे. तिथले लोक गरीब आहेत, पण आपल्यापेक्षा आनंदी दिसतात. यजमान पाळक ठरलेलं बांधकाम बाजूला ठेवून रोज घरभेटींना नेतात. रविवारी आपल्या मंडळीला पहिला अहवाल पाठवायचा आहे. त्यात काय लिहावं आणि पहिल्या चार दिवसांत बनलेल्या मतांवर किती भरवसा ठेवावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं असे गट तयार करते, त्यांच्याबरोबर जाते, आणि गट परतल्यावर यजमान मंडळ्यांशीही बोलते. माझी बरीचशी मतं त्या नंतरच्या बोलण्यातून घडली आहेत. माझं उत्तर आधीच सांगते: जे वाटतंय ते सगळं वहीत लिहून ठेवा, नकोसं वाटणारंसुद्धा. पण त्याच्या जोरावर या दौऱ्यात निर्णय घेऊ नका, आणि यजमानांशी बोलल्याशिवाय ते घरी कळवू नका. याला एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे, त्याबद्दल पुढे.

आधी चिडचिडीबद्दल, कारण तुमचा सूर अपराधी वाटतो. विश्वास कमी पडला म्हणून चिडचिड होते आहे, असं समजू नका. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ द जानेरोमधल्या एका महिला क्लबपुढे परक्या देशात बसणाऱ्या धक्क्याबद्दल भाषण दिलं होतं. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना सर्वदूर पोहोचली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. पुढे १९६० मध्ये ते भाषण ‘प्रॅक्टिकल अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात छापलं गेलं, आणि त्या नियतकालिकाचे वाचक प्रामुख्याने मिशनरीच होते. ओबर्ग सांगतात ती लक्षणं अशी: सारखे हात धुणं, पाणी, जेवण आणि अंथरुणाची अवाजवी काळजी, जरा उशीर झाला की संताप, आपल्याला कुणीतरी फसवणार ही भीती, आणि आपल्याच देशाच्या माणसांत बसून राहावंसं वाटणं. आज रात्रीच्या बैठकीत ही यादी मोठ्याने वाचा. गटातल्या प्रत्येकाला त्यात काहीतरी ओळखीचं सापडेल आणि एकमेकांवरचा राग निम्मा उतरेल.

ओबर्ग यांनी चार टप्पे मांडले: आधी भुरळ, मग वैताग, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. पण ते लिहीत होते महिनोन्‌महिने परदेशी राहणाऱ्यांबद्दल. दोन आठवड्यांच्या गटाला भुरळ पूर्ण मिळते, वैतागाची सुरुवात दिसते, आणि तिथेच विमानाची वेळ होते. सावरल्यानंतर दिसणारा देश तुम्हाला या खेपेला दिसणारच नाही. म्हणूनच एकाच गावाहून परतलेले दोन जण इतक्या वेगळ्या गोष्टी सांगतात. ज्याच्या मनात दुसरा दिवस ठसला तो स्वर्गाचं वर्णन करतो, ज्याच्या मनात पाचवा ठसला तो तक्रारींचं गाठोडं आणतो. दोघंही प्रामाणिक असतात.

शरीराचाही यात वाटा आहे. घड्याळात जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस झोप ताळ्यावर यायला लागतात. पूर्वेकडे प्रवास केला असेल तर जास्तच त्रास होतो. सकाळी उन्हात चाला, दुपारी लांबलचक झोपू नका. आणि चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता एखाद्या देशाबद्दल, तिथल्या मंडळीबद्दल किंवा आपल्या गटप्रमुखाबद्दल मत बनवू नका.

याहून खोल एक कारण आहे, आणि ते फार थोडे जण बोलून दाखवतात. घरी तुम्ही संसार चालवता, कचेरी सांभाळता, मंडळीत पुढे उभं राहून बोलता. इथे साबण विकत घ्यायलाही कुणाला तरी बरोबर न्यावं लागतं. रस्ता ओलांडता येत नाही, विनोद कळत नाही, लहान मुलं तुमच्या उच्चाराला हसतात. मोठ्या माणसाला हे लहान होणं बोचतं, आणि ती बोच बघता बघता ‘इथे काही धड नाही’, ‘यांना वेळेची किंमतच नाही’ अशा मतांचं रूप घेते. असं वाक्य मनात आलं की तासाभरापूर्वी आपल्याला काय जमलं नव्हतं ते आठवून पाहा. बहुतेक वेळा धागा तिथे सापडतो.

आता तो ‘गरीब पण आनंदी’चा मुद्दा. जवळजवळ प्रत्येक गट हे वाक्य घेऊन येतो, आणि मला ते अहवालात पाहिलं की काळजी वाटते. तुम्ही जो आनंद पाहिला तो खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. उपासनेतला तो उल्हास, तीन-तीन तास चालणारी गीतं, प्रार्थनेतले अश्रू हे खरे आहेत आणि त्यातून आपण शिकावं. पण तुम्ही पाहुणे आहात. तुमच्यासमोर माणसं धुतलेले कपडे घालून येतात, घरातली बरी खुर्ची पुढे करतात, आठवड्याभरात स्वतः खाणार नाहीत असं ताटात वाढतात. त्या हसण्यात स्वागत आहे, शिष्टाचार आहे, कधी कधी आपली अडचण परक्याला दिसू नये ही आबही आहे. त्या घरातल्या बाईला रात्री कसली चिंता झोपू देत नाही, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते चार दिवसांत सांगायचंही नसतं.

या वाक्याने दुहेरी नुकसान होतं. ऐकणाऱ्या मंडळीला वाटतं, ती माणसं सुखात आहेत, मग औषधांची, शाळेच्या फीची, शेतीच्या पाण्याची चिंता आपण कशाला करायची? आणि सांगणाऱ्याला त्या माणसांकडे माणूस म्हणून पाहायची गरज उरत नाही. ती त्याच्या समाधानाचं चित्र होऊन बसतात. त्याऐवजी जे पाहिलं तेच लिहा. ‘रविवारी उपासना तीन तास चालली. साक्ष द्यायला उठलेल्या एका बाईने मुलाच्या आजारपणाबद्दल सांगितलं आणि मग गीत सुरू केलं.’ यात गरिबी आहे, आनंद आहे, दुःखही आहे, आणि तुम्ही काहीही जोडलेलं नाही. त्या बाईंनाही विचारून घ्या. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, त्यांनी त्यांच्या मंडळीसमोर दिली होती, तुमच्या मंडळीसमोर नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना जोडीजोडीने पाठवतो, तेव्हा दोन सूचना अगदी व्यवहारी आहेत: पुढे वाढतील ते खा आणि घरं बदलत फिरू नका. पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंदच प्या, आणि ते यजमानांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. त्यात अपमान नाही. ताटातलं थोडं तरी खा. आणि जास्त सोयीची जागा मिळाली म्हणून राहतं घर सोडू नका. ज्या घराने तुम्हाला ठेवून घेतलं आहे, त्याची शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्यावरून किंमत होते.

बांधकामाची तक्रार मी समजू शकते. तुम्ही त्यासाठी पैसे उभे केले, रजा काढली, हातमोजेसुद्धा घेऊन गेलात, आणि पाळक रोज कुणाच्या तरी ओसरीवर नेऊन बसवतात. पण एक जुनं उदाहरण पाहा. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरासची दैना केली, तेव्हा उत्तर अमेरिकेतून मंडळ्यांचे असंख्य गट तिथे घरं बांधायला गेले. होंडुरासमध्ये राहून काम करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर दोन्ही बाजूंशी बोलून अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी गटांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबं आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधून दिलेल्या घरांतली कुटुंबं यांच्या आयुष्यात म्हणावा असा फरक त्यांना सापडला नाही. दौरा करून आलेल्यांच्या पुढच्या देणग्यांत आणि प्रार्थनेतही, त्यांना स्वतःला वाटत होता त्या मानाने, बदल थोडाच होता.

मी हे तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. भिंत गवंडीही बांधतो, तुमच्यापेक्षा सरळ बांधतो, आणि त्याला त्या दिवसाची मजुरी मिळते, हे यजमान पाळकांना ठाऊक आहे. घरभेटीत मात्र तुमची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. दूरदेशाहून आलेला माणूस आपल्या उंबऱ्यावर येऊन आपल्यासाठी प्रार्थना करतो, याचं मोल अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कधी कधी एरवी दार न उघडणारं घर पाहुण्यांमुळे पाळकांना दार उघडतं. काही यजमानांनी मला सांगितलं आहे की गटाने बांधलेलं काय होतं ते विसरायला झालं, पण कोण घरी येऊन बसलं होतं ते नावानिशी लक्षात आहे. आणि तुमच्यासाठी त्या पाळकांनी दोन आठवडे आपली सगळी कामं बाजूला ठेवली आहेत. उद्या त्यांना विचारा, ‘या भेटींतून तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?’ आजवर तुम्ही त्यांना बांधकाम कधी सुरू होणार एवढंच विचारलं असेल, तर या प्रश्नाने तुमचं बोलणं पहिल्यांदा खरं सुरू होईल.

भेटीत दुभाषा असेल तर वाक्यं छोटी ठेवा, म्हणी आणि कोट्या टाळा, आणि बोलताना दुभाष्याकडे न पाहता त्या माणसाकडे पाहा. साक्षीला दहा मिनिटं दिली असतील तर तुमच्या वाट्याला पाचच येतात, तेवढीच तयार करा.

आता तो अपवाद. नव्या माणसाला कधी कधी असं काही दिसतं की रोजच्या माणसांच्या डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. मुलं कुणाच्याही देखरेखीशिवाय अनोळखी पाहुण्यांच्या हवाली केली जाताहेत, पैशांचा हिशोब विचारला की विषय बदलतोय, गटातला कुणी दुभाष्याला किंवा स्वयंपाक करणाऱ्या बाईला घालूनपाडून बोलतोय, अशा गोष्टींत पोटात गोळा आला तर तो कल्चर शॉक म्हणून झटकून टाकू नका. त्याच दिवशी गटप्रमुखाला आणि पाठवणाऱ्या मंडळीतल्या जबाबदार माणसाला सांगा. मुलांची सुरक्षितता, पैसा आणि माणसाची अप्रतिष्ठा, या तीन बाबतींत थांबायचं नसतं.

मुलांबाबत मात्र उलटा धोकाही आहे. पहिल्या नजरेत दिसणारं अनाथ मूल अनाथ असेलच असं नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांमधून आलेले १० जण ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या हद्दीकडे निघाले आणि पुरेशी कागदपत्रं नसल्यामुळे पकडले गेले. त्या मुलांपैकी अनेकांचे आईबाप जिवंत होते. मुलाला शिक्षण मिळेल, बरं आयुष्य मिळेल या आशेने त्यांनी मुलं सोपवली होती. उद्ध्वस्त शहर, धुळीने माखलेली मुलं, आणि ‘यांना वाचवलंच पाहिजे’ ही भावना. ती भावना मला पूर्ण समजते, आणि म्हणूनच तिची भीती वाटते. जगभरच्या अनाथाश्रमांतली बहुसंख्य मुलं आई किंवा बाप हयात असलेली असतात. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवी भेटींपासून होणाऱ्या हानीची दखल घेतली. दर महिन्याला नवा गट येतो, मूल गळ्यात पडतं, गट जातो. ते पटकन गळ्यात पडणं हे प्रेमापेक्षा पुन्हापुन्हा सोडून दिलं गेल्याचं लक्षण असू शकतं. तुमच्या कार्यक्रमात अशी भेट असेल तर मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढण्याऐवजी तिथे कायम राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना मदत करा, त्यांच्यासाठी स्वयंपाक करा, त्यांचं ऐका.

अहवालाकडे वळू. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशे कनान देश हेरायला बारा जण पाठवतो. चाळीस दिवस सगळ्यांनी तोच देश पाहिला, तीच द्राक्षं खांद्यावरून आणली. दहा जण म्हणाले, तिथली माणसं धिप्पाड आहेत, त्यांच्यापुढे आम्ही आमच्याच नजरेत नाकतोड्यांसारखे होतो आणि त्यांनाही तसेच वाटलो असू. त्यांना काय वाटलं हे या दहा जणांनी कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. आपली भीती त्यांनी समोरच्याच्या डोळ्यांत घातली. मिशन दौऱ्यांचे अहवाल मी वाचते तेव्हा हीच जागा शोधते: ‘त्यांना फार आनंद झाला’, ‘त्यांना आमची गरज होती’, ‘त्यांची मनं बदलली’. हे कुणी सांगितलं, की तुम्हाला वाटलं? वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे तुमचा अंदाज. घरी कळवताना डावी बाजू कळवा. उजवी बाजू यजमान पाळकांसमोर प्रश्न म्हणून ठेवा.

येशूला स्वीकारतो म्हणून सभेत हात वर केलेल्यांची संख्या कळवू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय चौदा. लुस्त्र गावात जन्मापासून पांगळा असलेला माणूस उठून चालू लागतो आणि लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडू लागतात. येशूचा संदेश सांगत तिथे आलेल्या पौल आणि बर्णबा यांना तो गलका बहुधा कळलाच नाही. हार आणि बैल आणले गेले तेव्हा उमगलं की लोकांनी बर्णबाला झ्यूस देव आणि पौलाला हर्मेस देव ठरवलं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिवस जबरदस्त यशाचा वाटला असता. पुढे तोच जमाव पौलाला दगडमार करतो. पाहुण्याच्या मानाखातर, दुभाष्याच्या शब्दाखातर, कधी शेजारच्याने केला म्हणून हात वर होतो. त्यातून शिष्य कोण झालं हे यजमान मंडळीला वर्षभराने कळेल. त्यांनाच ते सांगू द्या.

फोटोंचं तर याहून जपून. तुम्ही विमानात बसून निघून जाल. तिथले विश्वासणारे तिथेच राहणार आहेत. नेपाळचं उदाहरण घ्या, तिथे कितीतरी गट जातात. २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी घातली आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवलं जातं. अशा ठिकाणी बाप्तिस्म्याचा एक फोटो, खाली गावाचं नाव आणि पाळकांचा चेहरा, एवढंही त्यांना अडचणीत आणायला पुरेसं होतं. तुम्ही जिथे आहात तिथला कायदा आणि तुमच्या व्हिसावर कोणत्या कामाची परवानगी आहे, हे गटप्रमुखाला आजच विचारा. कायदा मोकळा असला तरी चेहरे दाखवण्याआधी परवानगी घ्या, आणि मुलांचे चेहरे दाखवूच नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तिथली पूजास्थळं पाहून मन अस्वस्थ झालं. पौलाचंही झालं होतं. अथेनैमध्ये मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा आत्मा खवळला, असं प्रेषितांची कृत्येच्याच सतराव्या अध्यायात आहे. पण तो काय करतो पाहा. तो शहरात फिरतो, लोकांच्या भक्तीच्या वस्तू नीट पाहतो, वेदीवरचा लेख वाचतो, बाजारात रोज भेटेल त्याच्याशी बोलतो. अरियपग या तिथल्या सभेच्या जागी उभा राहतो तेव्हा त्याच्या भाषणाची सुरुवात त्या पाहिलेल्या वेदीपासून होते. अस्वस्थता लपवू नका, प्रार्थनेत मांडा. पण तिथल्या कुणाच्याही श्रद्धेचा फोटो हसण्यासाठी किंवा हळहळण्यासाठी घरी पाठवू नका. आदराने पाहा आणि माहीत असलेल्या माणसाला विचारा.

खासगीत कुणी पैसे मागितले तर तिथल्या तिथे देऊ नका आणि रागावूही नका. पाळकांना सांगतो म्हणा, आणि खरंच सांगा. एका घराला गुपचूप दिलेली मदत शेजारच्या चार घरांत कडवटपणा पेरते, आणि तुम्ही गेल्यावर तो पाळकांना निस्तरावा लागतो.

रविवारचा अहवाल छोटा असू द्या. कुठे राहतोय, कुणाबरोबर रोज फिरतोय, कुणी काय शिकवलं, यजमान मंडळीने प्रार्थनेसाठी कोणते विषय दिले आहेत. ते विषय तुम्ही ठरवू नका, त्यांच्याकडून मागून घ्या. मजकूर शनिवारी संध्याकाळी पाळकांना वाचून दाखवा आणि ते म्हणतील ते वाक्य काढून टाका, कारण विचारत बसू नका. मोठा अहवाल परतल्यावर, निदान महिनाभराने द्या. तोवर वही जवळ ठेवा, आणि उजव्या बाजूच्या कोणत्या अंदाजांना पाळकांकडून उत्तर मिळालं, कोणते प्रश्न तसेच राहिले, ते त्यातच लिहीत जा.